आधी छापखाना शोधा, मग कवी: खानदेशच्या साहित्याचा डिजिटल शोध

१८८७ साली जळगावातून फक्त कवितेला वाहिलेलं एक मासिक निघालं. नाव ‘काव्यरत्नावली’, काढणारे नारायण नरसिंह फडणीस. पुण्या-मुंबईपासून दूर, कापसाच्या व्यापारावर वाढलेल्या गावात सुरू झालेलं हे मासिक १९३५ पर्यंत चाललं. मराठी कवितेचं एक मोठं पर्व जळगावच्या छापखान्यातून वाचकांपर्यंत गेलं, आणि आज आपल्याच जिल्ह्यातल्या मराठीच्या विद्यार्थ्याला त्या मासिकाचं नाव सांगावं लागतं.

खानदेशचं साहित्य म्हटलं की आपल्या तोंडी तीन नावं येतात: बहिणाबाई, बालकवी, साने गुरुजी. कुणी भालचंद्र नेमाडे यांचं नाव घेईल. पण एखाद्या मुलखाची साहित्यसंस्कृती म्हणजे तीन-चार मोठी माणसं नव्हेत. कोण छापत होतं, कोण विकत घेत होतं, शाळामास्तर काय वाचत होते, वाचनालयात कोणतं साप्ताहिक येत होतं, हे सगळं तिच्यात येतं. पूर्वी हे शोधायला मुंबई-लंडनच्या ग्रंथालयांत जावं लागे. आता त्यातला बराच भाग यावल किंवा शहाद्याच्या घरात बसून, साध्या फोनवरही पाहता येतो. मात्र नुसतं नाव टाकून शोधलं तर हाती फार थोडं लागतं. मी बरीच वर्षं हे काम करतो आहे. त्यातून जी रीत बसली, ती इथे मांडतो.

प्रश्न लहान करा

‘खानदेशचं साहित्य’ हा विषय आहे, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर सापडलं की नाही हे कळेल. उदाहरणार्थ: १९०० ते १९१० या काळात जळगाव आणि धुळ्यात छापलेली कवितेची पुस्तकं कोणती? १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनाची बातमी कोणकोणत्या पत्रांनी छापली? अमळनेरला साने गुरुजी शिक्षक असताना, म्हणजे १९२४ ते १९३०, त्या गावात कोणती नियतकालिकं निघत वा येत होती?

प्रश्नात तीन गोष्टी असू द्या: एक जागा, एक कालखंड आणि एक वस्तू (पुस्तक, मासिक, भाषण, जाहिरात, पत्र). वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवा. शोधताना इतकं काही मोहात पाडणारं सापडतं की महिनाभराने आपण निघालो कुठे होतो हेच आठवत नाही.

नावांची यादी करा. इथे घाई करू नका

मी स्वतः सुरुवातीचे दोन महिने ‘बालकवी’ एवढा एकच शब्द टाकून शोधत राहिलो. पण ग्रंथसूची करणारे टोपणनावावर थांबत नाहीत. त्यांच्या लेखी बालकवी म्हणजे ‘ठोमरे, त्र्यंबक बापूजी’, केशवसुत म्हणजे ‘दामले, कृष्णाजी केशव’ आणि गोविंदाग्रज म्हणजे ‘गडकरी, राम गणेश’. म्हणून प्रत्येक माणसाची चार नावं लिहा: टोपणनाव, पूर्ण नाव, आडनाव आधी घेऊन केलेलं नाव आणि आद्याक्षरांचं नाव. फडणीसांसाठी ‘ना. न. फडणीस’ आणि ‘नाना फडणीस’ दोन्ही लिहा. दुसऱ्याने पेशवाईतले नाना फडणवीसही गोळा होतील, ते बाजूला सारावे लागतील.

मग जागांची नावं. खानदेश हा १९०६ पर्यंत एकच जिल्हा होता आणि धुळे हे त्याचं ठाणं. १९०६ मध्ये पूर्व खानदेश (जळगाव) आणि पश्चिम खानदेश (धुळे) असे दोन झाले. नंदुरबार जिल्हा तर १९९८ चा. म्हणजे १८९५ चं जळगावात छापलेलं पुस्तक ‘जिल्हा खानदेश’खाली असेल आणि १९२५ चं ‘पूर्व खानदेश’खाली. मालेगाव आणि बागलाण १८६९ मध्ये नाशिक जिल्ह्यात गेले, पण अहिराणी काही त्या सरहद्दीवर थांबत नाही, त्यामुळे तेही यादीत ठेवा. इंग्रजी कागदपत्रांत धुळे ‘धुलिया’ म्हणून येतं.

रोमन अक्षरांतल्या हिज्ज्यांनी फार माणसं थकवली आहेत. जळगावच्या शेवटी आज आपण ‘ओ-एन’ लिहितो. परदेशी ग्रंथालयांच्या सूचीत तेच ‘व्ही-ए’ने संपतं. सरकारी स्कॅनिंग मोहिमेतल्या नोंदींत एकाच शब्दात ‘ए’ कुठे एकदा, कुठे दोनदा. ‘काव्यरत्नावली’ एका शब्दात आणि दोन शब्दांत, ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’ने, असं सगळं टाकून पाहावं लागतं.

देवनागरीतही तोच प्रकार आहे, आणि तो अनेकांच्या लक्षात येत नाही. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या छापील मजकुरात ‘जळगांव’, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पुस्तकें’ असं दिसेल. जुन्या पानांतला मजकूर शोधताना ‘जळगाव’ टाकलं आणि काही मिळालं नाही, तर ‘जळगांव’ टाका. एका टिंबाने शोध उघडतो किंवा बंद राहतो.

संग्रहाआधी सूची

पुस्तक शोधण्याआधी ते होतं की नाही हे माहीत हवं. हे सांगतात सूच्या. बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि मग संग्रहात जे सापडलं तेवढंच साहित्य असं धरून चालतात.

पहिलं नाव शंकर गणेश दाते यांचं. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’च्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ पर्यंतची पुस्तकं आहेत, दुसऱ्यात १९३८ ते १९५० ची. एका माणसाने गावोगाव फिरून पुस्तक हातात घेऊन केलेली ही नोंद आहे. मराठीवर त्यांचे फार मोठे उपकार आहेत. सूची विषयवार आहे, त्यामुळे खानदेशची पुस्तकं एका जागी मिळणार नाहीत. कवितेचा विभाग उघडा आणि प्रकाशनस्थळ पाहत एकेक नोंद उतरवा. दोन-तीन बैठका लागतात, पण शेवटी तुमच्याकडे अशी यादी असते जी सहसा दुसऱ्या कुणाकडे नसते.

दुसरी, ब्लुमहार्ट यांनी केलेली ब्रिटिश म्युझियममधल्या मराठी आणि गुजराती छापील पुस्तकांची सूची, १८९२ ची. ती इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संकेतस्थळावर वाचता येते.

तिसरी मला सर्वांत प्रिय आहे. १८६७ च्या २५ व्या कायद्याने प्रत्येक छापखान्याला छापलेल्या पुस्तकाच्या प्रती सरकारला द्याव्या लागत, आणि त्यांची तिमाही यादी सरकारी गॅझेटात येई. या यादीत नुसतं नाव नसतं. भाषा, विषय, छापण्याची जागा, मुद्रकाचं नाव, पानं, किती प्रती काढल्या, टाइपावर की शिळाप्रेसवर (म्हणजे दगडावरून), किंमत काय, हक्क कुणाकडे, हे सगळं रकान्यारकान्यांतून असतं. एखाद्या आरतीसंग्रहाच्या किती प्रती निघाल्या आणि त्याच तिमाहीत कवितासंग्रहाच्या किती, हे शेजारीशेजारी ठेवलं की त्या काळचा वाचक समोर उभा राहतो. सरकारने हे नजर ठेवण्यासाठी केलं. आपल्याला त्यातून आपल्या आजोबा-पणजोबांचं वाचन कळतं.

तसंच ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स’चे अहवाल. मुंबई इलाख्यातल्या देशी पत्रांत काय छापून येतं याचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला सरकारसाठी तयार होई. त्याला जोडलेल्या यादीत पत्राचं नाव, गाव, संपादक आणि खप असतो. धुळ्याचं ‘खानदेश वैभव’ किंवा जळगावचं ‘प्रबोधचंद्रिका’ यांचे अंक हाती लागले नाहीत तरी या गोषवाऱ्यांतून त्यांचा आवाज ऐकू येतो. एवढं ध्यानात ठेवा, की निवड सरकारी भाषांतरकाराची आहे. राजकारण त्याने टिपलं, कविता सोडली.

आता संग्रह

इंटरनेट आर्काइव्हपासून सुरुवात करा. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या सरकारी प्रकल्पात स्कॅन झालेली लाखो पुस्तकं तिथे आहेत. पण त्यांच्या नोंदी घाईत केलेल्या आहेत: लेखकाच्या जागी संपादक, सालाच्या जागी भलताच आकडा, मराठी पुस्तकाची भाषा ‘हिंदी’ किंवा ‘संस्कृत’. म्हणून भाषेची चाळणी लावू नका. नावातला एकच खात्रीचा शब्द टाका, मग निकाल डोळ्यांनी चाळा.

इथेच १८८० चं खानदेश गॅझेटिअर मिळतं, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला बारावा खंड. लोक त्यात किल्ले आणि जाती पाहतात. तुम्ही शिक्षणाचं प्रकरण उघडा. शाळा किती, शिकणारे किती, वाचनालयं आणि वृत्तपत्रं कोणती, हे तिथे पाहायचं. ‘काव्यरत्नावली’ निघण्याआधी सात वर्षं खानदेशात वाचू शकणारी माणसं किती होती, याचा अंदाज त्यावरून येतो.

‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या मालिकेचा पहिला खंडही याच जागी आहे. चाळीसगावजवळच्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख त्यात छापलेला आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला, त्याचा हा लेख; मोठा भाग संस्कृतात, अखेरचा दानाचा तपशील मराठीत. आपल्या मुलखातला आठशे वर्षांपूर्वीचा लिखित मराठी मजकूर घरबसल्या वाचता येतो, ही गोष्ट मला अजूनही हलवून टाकते.

बोलींसाठी ग्रिअर्सन यांनी इंग्रजी अमदानीत केलेली भारतातल्या भाषांची पाहणी. खानदेशी त्यांनी मराठीच्या सातव्या खंडात न घालता भिल्ल भाषांबरोबर नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात घातली, १९०७ मध्ये. त्यांचं हे वर्गीकरण वादाचं आहे, पण अहिराणी गद्याचे शंभरावर वर्षांपूर्वीचे छापील नमुने तिथे आहेत. मोठ्याने वाचून घरातल्या आजीला ऐकवा. कुठला शब्द आपल्या गावचा आणि कुठला तापीपलीकडचा, हे ती लगेच सांगेल.

राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ आणि नियतकालिकं संगणकावर आणली आहेत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात साने गुरुजींचं बरंच साहित्य टंकित रूपात आहे, म्हणजे त्यात शब्द नेमका शोधता येतो. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ हा विद्यापीठांच्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह; आपल्या विद्यापीठातले अहिराणी, लोकगीतं, खानदेशातली नियतकालिकं यांवरचे प्रबंध तिथे शोधा आणि आधी त्यांची संदर्भसूची वाचा. जुना शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या कोशांच्या जागेवर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश एकत्र पाहता येतो.

साहित्य संमेलनांचे वृत्तांत विसरू नका. अखिल भारतीय संमेलन जळगावला १९३६ मध्ये माधव जूलियन यांच्या अध्यक्षतेखाली झालं, धुळ्याला १९४४ मध्ये मामा वरेरकरांच्या, अमळनेरला १९५२ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांच्या, पुन्हा जळगावला १९८४ मध्ये शंकरराव खरातांच्या, आणि अमळनेरला २०२४ मध्ये रवींद्र शोभणे यांच्या. सगळे अध्यक्षांचं भाषण वाचतात. आपल्या कामाचं असतं स्वागताध्यक्षांचं. पाहुण्यांसमोर गावचा लेखक, गावचं मासिक, गावचं वाचनालय यांची नावं घेण्याचा मान त्यांचा असतो, आणि त्यातली निम्मी नावं पुढे कुठेच भेटत नाहीत.

पान कसं वाचायचं

स्कॅन उघडला की थेट कवितेकडे जाऊ नका. मुखपृष्ठ, मागचं पान, वर्गणीची सूचना, जाहिराती, ‘पोंच’ सदर (आलेल्या पुस्तकांची पोच), शुद्धिपत्र, सगळं वाचा. वर्गणीदारांची यादी असेल तर तिच्यावर एक अख्खा दिवस घाला. कोण मामलेदार, कोण मास्तर, कोण वकील, कोण संस्थानिक, कोणत्या गावचा. मी अशी नावं नकाशावर टिंबांनी मांडतो. टिंबं रेल्वेच्या रुळाला धरून दाट होत जातात की तापीच्या काठाने पसरतात, हे पाहण्यासारखं असतं.

त्यातून लेखकही वेगळे दिसू लागतात. केशवसुत खानदेशात फैजपूरला शिक्षक होते. बालकवी १८९० मध्ये धरणगावला जन्मले, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली आणि १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली ते गेले. ते संमेलन अचानक आकाशातून पडलेलं नव्हतं. त्याआधी वीस वर्षं त्याच गावात कवितेचं मासिक निघत होतं, डाकेने कविता येत होत्या, जुळवल्या जात होत्या, छापल्या जात होत्या. म्हणून मी म्हणतो, आधी छापखाना शोधा.

तारखा शकात असतात. चैत्रापासून ७८ मिळवा. इंग्रजी वर्ष पालटल्यावरच्या, म्हणजे पौषाचा उरलेला भाग, माघ आणि फाल्गुन यांसाठी ७९. शके १८२९ म्हणजे १९०७-०८. महिना पाहिल्याशिवाय साल लिहू नका.

मजकूर शोधण्याजोगा करायचा असेल तर गूगल ड्राइव्हवर पानाचं चित्र चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी ओळखली जातात. एका वेळी एकच पान द्या, आणि दोन रकाने असतील तर आधी कापून वेगळे करा. जुन्या खिळ्यांत ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होते, कवितेच्या ओळी एकमेकींत शिरतात. मूळ पानाशी ताडून पाहिल्याशिवाय एकही ओळ उद्धृत करू नका.

नोंद करताना छापील पृष्ठक्रमांक आणि स्कॅनचा क्रमांक, दोन्ही लिहा. ते सहसा जुळत नाहीत. कोणत्या दिवशी पाहिलं तेही लिहा आणि फाइल उतरवून ठेवा. आणि शोधून न मिळालेल्या गोष्टींचं वेगळं पान ठेवा: कुठे, कोणता शब्द टाकला, काय नाही मिळालं. पुढच्या माणसाचे महिने वाचतात.

जे संग्रहात नाहीच

समजा तुम्ही १९४० साली आहात आणि जगातले सगळे छापील संग्रह तुमच्यापुढे उघडे आहेत. त्यांत आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी सापडतील का? नाही. त्या लिहायला शिकल्या नव्हत्या. ओव्या त्या जात्यावर आणि शेतात रचत होत्या, आणि मुलगा सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या टिपल्या म्हणून राहिल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. पुस्तक निघालं १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. अशा कितीजणींच्या शेजारी टिपणारं कुणी नव्हतं!

त्यामुळे डिजिटल शोधाचा निकाल हा छापल्या गेलेल्यांचा निकाल आहे. कानबाईची गाणी, वहीगायन, लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या यांसाठी माणसांकडेच जावं लागतं. फोनवर ध्वनिमुद्रण करा. गाणाऱ्या बाईची परवानगी घ्या. गाव, तिचं माहेर आणि ते गाणं कुणाकडून आलं हे त्याच दिवशी लिहा. बोलीचं नावही नीट लिहा. बहिणाबाईंच्या गाण्यांना सरसकट अहिराणी म्हटलं जातं. ती लेवा बोली आहे. बोली उतरवताना तिला प्रमाण मराठीची इस्त्री करू नका. ‘पानी’ ऐकू आलं तर ‘पानी’च लिहा. ‘राह्यना’, ‘रायना’, ‘ऱ्हायना’ ही रूपं गावागणिक बदलतात. जे कानावर पडलं ते तसंच.

मग वाचनालयं आणि संस्था. धुळ्याला वि. का. राजवाडे यांच्या मागे १९२७ मध्ये उभं राहिलेलं राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर. नानासाहेब देवांनी मठामठांतून जमवलेल्या रामदासी बाडांचा ठेवा या वाग्देवता मंदिरात आहे. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय, धुळ्याचं गरुड वाचनालय. जाण्याआधी पत्र पाठवा, काय हवं त्याची नेमकी यादी द्या, कारण तुमचं सूचीचं काम आता झालेलं आहे. ‘जुनं काही आहे का?’ या प्रश्नाला कुणीही ‘नाही’ म्हणतो. ‘शके १८२९ चा बांधीव खंड आहे का?’ म्हटलं की माणूस उठून कपाट उघडतो. मोडी येत नसेल तर शिकून घ्या. तीन महिन्यांत वाचण्यापुरती येते.

तालुक्याच्या एका वाचनालयात मी पोचलो तेव्हा जुने बांधीव खंड आदल्या वर्षीच रद्दीत गेले होते. त्यांतली दोन पानं मी पूर्वी फोनवर टिपली होती, तेवढीच आता माझ्यापाशी आहेत. म्हणून पान समोर आलं की त्याच दिवशी टिपा.

इतरांसाठी ठेवताना

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. मरणोत्तर छापलेल्या लेखनाला प्रकाशनापासून मोजतात: बहिणाबाईंची १९५२ ची गाणी २०१२ अखेर हक्कमुक्त झाली. पण त्याच पुस्तकातली अत्र्यांची प्रस्तावना नाही. अत्रे १९६९ मध्ये गेले, म्हणजे ती २०२९ अखेरपर्यंत हक्कात आहे. नंतरच्या आवृत्त्यांतल्या टिपा, चित्रं, प्रस्तावना यांचा हिशेब पुन्हा वेगळा. एकाच पुस्तकातली पानं अशी सुटी सुटी पाहावी लागतात.

जे मोकळं आहे ते इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये, गाव, छापखाना, शक आणि इसवी सन, सगळं नीट भरा. नंतर विकिस्रोतावर एकेक पान तपासून टंकित करता येतं. दिवसाला एक पान धरलं तरी चाळीस पानांची कवितेची पुस्तिका दीड महिन्यात पुरी होते. एक छापील प्रत काढून ज्या गावी ती मूळ छापली गेली त्या गावच्या वाचनालयात द्या, आणि दाखल नोंदवहीत तिचा क्रमांक पडेपर्यंत तिथे थांबा.